घंटेच्या देवळाचा गिलावा

जुन्नरचा आठवडे बाजार रविवारी भरतो. २००३ सालच्या मार्चपर्यंत त्या बाजाराला स्वतःचं एक घड्याळ होतं. पेठेच्या टोकाला चिंचांच्या मागे काळ्या दगडाचं ख्रिस्ती देऊळ आहे. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर एक छोटी दगडी कमान आहे आणि कमानीत घंटा. ती रविवारी बरोबर नऊला वाजायची. उपासनेला येणारी घरं वीस-बावीसच उरली होती, पण घंटा काही त्यांच्यापुरती वाजत नसे. गोण्या उतरवणारे हमाल तिच्यावर चहाला उठत, माळव्याच्या बाया तिच्यावर पाल बांधायच्या थांबून तराजू हातात घेत. गावात त्या इमारतीला चर्च कुणी म्हणत नसे. घंटेचं देऊळ म्हणत.

मार्चमधल्या शेवटच्या रविवारी नऊ वाजून गेले, घंटा वाजली नाही. येडगावचे गेणभाऊ शिंगोटे तेव्हा भेंडीचं बी बघत होते. त्यांनी मान वर केली, कान दिला, आणि बीवाल्याला विचारलं, "आज पाळकसाहेब आलं न्हाई का काय?"

"साहेब आल्यात. घंटाच बंद केलीया. भिंत पडायला झाली म्हणत्यात."

"कंची भिंत?"

"घंटेची, दुसरी कंची? पुण्यावनं इंजिनिअर येऊन गेला. आता समदं पाडून स्लॅबचं बांधणार. लई भारी व्हईल."

गेणभाऊंनी मुठीतलं बी पोत्यात परत सोडलं. त्या भिंतीचा गिलावा अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच केला होता.

शिंगोटे जमिनीवाले शेतकरी, पण घरात गवंडीकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तेही चुन्याचं. गेणभाऊंचे वडील भिमाजी पंचक्रोशीत चुन्याचे गवंडी म्हणूनच ओळखले जात. येडगावात नदीकाठी त्यांचा चुन्याचा घाणा होता. दगडाची गोल चर, तिच्यात फिरणारं दगडाचं जड चाक, आणि चाक ओढणारी बैलजोडी. चुना, वाळू, गुळाचं पाणी आणि हिरड्याचं पाणी त्यात दिवसभर मळलं जाई. थापीला चिकटायचं थांबलं की चुना तयार झाला असं भिमाजी म्हणत. घंटेच्या देवळाचा जुना गिलावा त्यांच्याच हातचा. १९५० च्या सुमाराला त्यांनी तो केला आणि पुढे चाळीस वर्षं त्याच्याकडे कुणाला बघावं लागलं नाही.

देवळाचा इतिहास सांगायचं काम शांतवन मास्तरांचं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीचे, म्हणजे देवळाच्या ख्रिस्ती समाजाचे, चिटणीस. कुणी पाहुणा आला की ते त्याला आधी दारावरचं साल दाखवत. १८६७. मग आत नेऊन छपराच्या सागवानी कैच्या, टोकदार कमानींच्या खिडक्या, आणि वेदीमागच्या खिडकीतल्या रंगीत काचा. सहा रंगांपैकी तीन शिल्लक होते. उत्तरेच्या भिंतीत तापानं गेलेल्या एका इंग्रज बाईच्या नावाची संगमरवरी पाटी होती. वय सव्वीस. सगळ्यात शेवटी मास्तर बाप्तिस्म्याच्या कुंडाकडे येत. ते एकाच दगडातून कोरलेलं. देऊळ बांधवणाऱ्या साहेबानं पाथरवटाला सांगितलं होतं, साधं कर. पाथरवटानं कडेनं कमळाच्या पाकळ्या काढल्या. पाण्याचं भांडं पाकळ्यांशिवाय करायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ही गोष्ट सांगताना मास्तर दरवेळी पाकळ्यांवरून बोट फिरवत.

गेणभाऊंना यातलं साल सोडून फारसं पाठ नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते वेगळं. पश्चिमेची भिंत पावणेतीन फूट जाड आहे, दोन्ही अंगांनी घडीव दगड आणि मधे कपच्या-चुन्याचा भराव. आतला गिलावा शंखजिऱ्यानं घोटलेला, त्यामुळे उन्हाळ्यात गाल टेकवला तर थंड लागतो. घंटा वाजते तेव्हा थरथर भिंतीत उतरते आणि पायथ्याला हात लावला तर ती तळव्याला कळते. हे भिमाजींनी त्यांना दाखवलं होतं.

सत्तरच्या दशकात येडगावला धरणाचं काम निघालं आणि गेणभाऊ कामावर लागले. सिमेंट त्यांनी पहिल्यांदा तिथे हातात घेतलं. सकाळी कालवलेलं संध्याकाळी दगड होतं, हे बघून ते काही दिवस चक्रावलेले होते. मग भिंत उभी राहिली, कुकडी अडली, आणि फुगवट्याचं पाणी चढत चढत भिमाजींच्या घाण्यावरून गेलं. म्हातारा काठावर बसून बघत होता. म्हणाला, "बरं झालं. तसंबी आता कोन चुना मळतंय." गेणभाऊंना त्यात काही वावगं वाटलं नाही. नदी अडवणाऱ्या वस्तूपुढे चुन्याचं काय घेऊन बसायचं?

१९९२ मध्ये देवळाला सव्वाशे वर्षं झाली. मंडळीनं मोठा कार्यक्रम ठरवला. पुण्याहून, नगरहून पाहुणे यायचे होते. पश्चिमेचा गिलावा दोन-चार ठिकाणी सुटला होता, शेवाळानं काळा पडला होता. पंचांनी गेणभाऊंना बोलावलं. गेणभाऊ म्हणाले, डागडुजी कशाला, सगळी भिंत सिमेंटात करू, पुन्हा शंभर वर्षं बघायला नको. सिमेंट माणिकशेठच्या दुकानातून आलं. माणिकशेठ म्हणजे देवळासमोरचे माणिकचंद. राजस्थानातून त्यांचे पणजोबा आले, तेव्हापासून दुकान तिथेच. एका बाजूला सिमेंट-लोखंड, दुसऱ्या बाजूला डोंगरातून येणारा हिरडा.

काम सुबक झालं. भिंत आरशासारखी सपाट, वर फिकट पिवळा रंग. कार्यक्रमात गेणभाऊंना शाल-नारळ मिळाला, टाळ्या वाजल्या. त्याआधी, ओल्या सिमेंटात, दाराच्या डाव्या कोपऱ्यात पायथ्याशी त्यांनी खिळ्यानं लिहिलं होतं: गेणभाऊ भिमाजी, येडगाव, १९९२. आयुष्यात इतक्या भिंती केल्या, नाव कुठे घातलं नव्हतं. भिमाजींनी तर कधीच नाही.

बाजारातून उठून गेणभाऊ देवळाकडे गेले तेव्हा आत गाणं चाललं होतं. ते बाहेरच थांबले. लांबून भिंत अजून चांगली दिसत होती. जवळ गेल्यावर पोटाशी फुगलेली दिसली, आणि खाली गुडघ्याइतक्या उंचीवर रंगाला फोड आलेले, त्यांतून मिठासारखी पांढरी बुरशी फुललेली. लोणा. त्यांनी बोटावर घेऊन जिभेला लावला. मग बोटाच्या पेरानं भिंतीवर ठिकठिकाणी टकटक केलं. पोकळ आवाज येत होता, घागरीसारखा.

ते एसटीनं येडगावला परतले. घरी बायकोनं, लंकाबाईंनी, पिशवी उपडी केली.

"बी कुठंय?"

"ऱ्हायलं."

"बाजाराला गेलता का फिराय?"

गेणभाऊंनी देवळाचं सांगितलं. लंकाबाई ऐकता ऐकता तांदूळ पाखडत होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्याच्या हाताखाली त्यांनीही चुना कालवला होता. हिरड्याचं पाणी झालं का नाही हे भिमाजी त्यांच्याकडूनच चाखून घेत.

"मग पाडंनात," त्या म्हणाल्या. "दीडशे वर्साचं झालं. कवातरी पडायचंच."

"ते पडत नव्हतं गं." गेणभाऊ म्हणाले. "धरणाला पाणी धरायचं असतं. मला वाटलं, देवळालाबी तेच पायजे. भुईतलं पाणी दगडात चढतं, चुन्यातनं उडून जातं. म्या वरनं सिमिट लिंपलं. अकरा वर्सं पाणी आतल्या आत. दगडामधला चुना पार चिखल झाला आसंल."

सूप थांबलं. "कुनाला ठावं हाय हे?"

"कुनालाच न्हाई. इंजिनिअर म्हनतो इमारत जुनी झाली."

"मग गप ऱ्हावा की. तुमाला कोन इचारतंय?"

"कोनच न्हाई," गेणभाऊ म्हणाले.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक होती. गेणभाऊ वहाणा बाहेर काढून दाराशी उभे राहिले. मंडळीचे लोक चपला-बूट घालून आत जात-येत होते. गेणभाऊंना ते कधी जमलं नाही. शांतवन मास्तरांनी इंजिनिअरचा अहवाल वाचून दाखवला. पश्चिमेची भिंत धोकादायक, इमारतीचं आयुष्य संपलेलं, पाडून नवी बांधणं हिताचं. मास्तर एका सुरात वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले.

पंचांमध्ये चांगदेवराव वजनदार. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, स्वभाव रोखठोक. ते म्हणाले, "मास्तर, वाईट सगळ्यांनाच वाटतं. पण उद्या घंटेसकट भिंत एखाद्या लेकराच्या डोक्यात पडली तर आपण इतिहास सांगत बसायचं का?"

"तसं नाही," मास्तर म्हणाले.

"इमारत म्हातारी न्हाई झाली," दारातून आवाज आला. "म्या आजारी पाडलीया तिला."

सगळ्यांनी मागे बघितलं. गेणभाऊंनी टोपी काढून हातात घेतली होती. त्यांनी सगळं सांगितलं. धरणाचं, पाण्याचं, भिंतीला फुटलेल्या लोण्याचं. सांगायला दोन-तीन मिनिटंही लागली नाहीत.

"असं होय!" चांगदेवराव म्हणाले. "मग शाल घेताना नाही बोललात, राव?"

"तवा ठावं नव्हतं."

"आणि आता कशावरून ठावं आहे? तेव्हाही तुम्ही म्हणाला होतात, शंभर वर्षं."

कुणीतरी हसलं. गेणभाऊंनी मान हलवली, म्हणजे हे बरोबर आहे. "एक दाराएवढी जागा खोलू द्या," ते म्हणाले. "आत भिंत सुकी निघाली तर म्या खोटा. पाडा खुशाल. वली निघाली तर इंजिनिअरच्या आधी मला करू द्या. चुन्यात."

"या दिवसांत ओली?" चांगदेवराव बाहेरच्या उन्हाकडे बघत म्हणाले. चैत्र चालू होता, विहिरी तळाला गेल्या होत्या. "ठीक आहे. खोला."

मास्तर म्हणाले, एका कडेला खोला, रस्त्यावरून दिसणार नाही. गेणभाऊ दाराच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उकिडवे बसले. ओल सगळ्यात जास्त पायथ्याला असते, असं काहीतरी ते पुटपुटले. पिशवीतून छिन्नी काढली आणि स्वतःच्या नावावर ठेवली. ते डावखुरे. पहिल्या घावाला येडगाव गेलं, दुसऱ्याला साल.

सिमेंटाचा पापुद्रा ताटाएवढ्या तुकड्यांनी सुटून आला. मागून काळपट चिखल ओघळला आणि चिखलामागून पाणी. फार नाही. चूळ भरावी इतकंच. उन्हानं तापलेल्या फरशीवर ते पसरलं, आणि सगळे बघत असतानाच वाळून गेलं.

चांगदेवरावांनी वाकून भोकात हात घातला. बाहेर काढला तेव्हा मनगटापर्यंत चिखल होता. "करा," ते म्हणाले. "पण गिलावा झाल्यावर दोन पावसाळे बघायचं. फुगवटा हललाच तर तुम्हीही मधे यायचं नाही आणि मास्तरांनीही. आणि तोवर घंटेला हात लावायचा नाही."

दोरी वर गुंडाळून खुंटीला बांधली गेली.

चुन्यात करू म्हणणं सोपं होतं. चुना होता कुठे? आसपासच्या चुन्याच्या भट्ट्या बंद पडून वीस वर्षं झाली होती. मास्तरांनी शोध काढला की साखर कारखान्यांना अजून चुनकळी, म्हणजे भाजलेली चुनखडी, लागते; ती त्यांना पुरवणाऱ्या लांबच्या भट्टीवाल्याकडून आणवली. वाळू नदीची. हिरडा माणिकशेठकडे. गेणभाऊ पोतं मागायला गेले तेव्हा माणिकशेठ गल्ल्यावर पंखा घेत बसले होते.

"गेणभाऊ, हा हिरडा भीमाशंकरच्या अंगाचा. औषधाला जातो, कातडं कमवायला जातो. देवळाला लावायला मागणारे तुम्ही पहिले."

"पयलं न्हाई, शेठ. तुमच्या आज्याकडनं माझा बा न्यायचा."

माणिकशेठ पंखा खाली ठेवून हसले. "म्हणजे सिमेंटही माझं आणि औषधही माझंच. लोक म्हणतील, शेठनं आधी आजार विकला."

घाणा धरणात होता. मे महिन्यात पाणी उतरलं तशी गाळातून गोल चर वर आली, आणि चरीत आडवं पडलेलं चाक. त्याला पंचवीस वर्षांचं शेवाळ धरलेलं. येडगावच्या पोरांनी ट्रॅक्टरला साखळी लावून चाक ओढून काढलं, चरीचे दगड उचकटून आणले, आणि सगळं देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत मांडलं. चुनकळी खड्ड्यात विरवून पाण्याखाली ठेवली. ती पावसाळाभर मुरली. तोवर गेणभाऊंनी पश्चिमेच्या भिंतीवरचं उरलेलं सिमेंट काढलं, वर पत्रे टांगले, आणि भिंत वाऱ्याला मोकळी सोडली. इंजिनिअरच्या सांगण्यावरून लाकडी टेकेही दिले. त्याला गेणभाऊंची हरकत नव्हती.

सिमेंटाखाली भिमाजींचा गिलावा अजून काही ठिकाणी टिकून होता. त्याच्यावर खालपासून वरपर्यंत खाचा होत्या, वाटाण्याएवढ्या, वीतभर अंतरानं, सगळ्या एकाच दिशेला कललेल्या. मास्तर परांचीखाली उभे होते. त्यांनी विचारलं, "ही नक्षी कसली हो, गेणभाऊ? माझ्या नोंदीत नाही."

"टाचे हायेत," गेणभाऊ वरून म्हणाले. "सिमिट धरावं म्हणून आधी छिन्नीनं टोचावं लागतं."

"कुणी मारले?"

"डावखुऱ्यानं."

मास्तरांनी वर, गेणभाऊंच्या डाव्या हाताकडे बघितलं. गेणभाऊंनी बापाचा जेवढा गिलावा घट्ट होता तेवढा ठेवला. टाचे एकेक करून चुन्यानं भरले. त्या कामाला चार दिवस लागले, आणि ते त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

दिवाळीनंतर घाणा फिरायला लागला. बैलजोडी माळवाडीहून संपत नावाच्या नातलगानं दिली. लंकाबाई रोज पहिल्या एसटीनं यायच्या. हिरडा कुटून गुळाबरोबर पिंपात भिजत घातलेला असे. आठव्या दिवशी त्याला आंबूस वास सुटला, माशा घोंघावू लागल्या. माणिकशेठनी दुकानातून नाकाला रुमाल लावून विचारलं, "बाई, देवळात दारू गाळता का काय?"

"या की, घोटभर देते," लंकाबाई म्हणाल्या. त्यांनी बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं, थुंकल्या. "आजून दोन दिस. तुरटपना बसाय पायजे."

आधी दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, भरल्या, मग पातळ चुना भिंतीच्या पोटात ओतला. भिंत किती पिते याचा अंदाज कुणालाच नव्हता. पंधरा दिवस ती पीतच राहिली. मग गिलाव्याचा पहिला हात, दुसरा हात, वरून घोटाई. चुना हातमोज्यांत कामाला येत नाही, असं गेणभाऊ म्हणत. फेब्रुवारीपर्यंत त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. रात्री लंकाबाई खोबरेल लावत.

काम संपलं त्या दिवशी पंच जमले. वरून ओळंबा सोडला. दोरी भिंतीच्या पोटाला टेकली आणि खाली पायाशी भिंतीपासून लांब राहिली. फुगवटा मागे जाणार नव्हता. चुना दगडाला धरून ठेवतो, मागे ढकलत नाही. गेणभाऊंनी दोरी आणि भिंत यांच्यामधे बोटं घातली. "दोन बोटं," ते म्हणाले. मास्तरांनी वहीत लिहिलं: फट दोन बोटं, ता. २२ फेब्रुवारी २००४.

लंकाबाई चुन्याची पाटी विसळत होत्या. त्यांनी पाटीच्या काठाची बांबूची कामटी मोडली, फटीत घालून बघितली, दातानं टोक तोडून बरोबर बसवली, आणि कमरेच्या चंचीत टाकली. गेणभाऊंनी विचारलं, "हे कशाला?"

"आसूं द्या."

पहिला पावसाळा बरा गेला. नोव्हेंबरात गेणभाऊ एकटेच येऊन ओळंबा सोडून गेले. दोन बोटं. २००५ चा पाऊस मात्र फार झाला. जुलैत आठ दिवस सूर्य दिसला नाही, येडगाव धरणाचे दरवाजे उघडले, पेठेत पाणी आलं. गेणभाऊ त्याच उन्हाळ्यात काविळीनं पडले होते. अजून अंथरुणावरून नीट उठत नव्हते. पावसाच्या आवाजात ते लंकाबाईंना म्हणत, आता दगडात पाणी चढत आसंल. लंकाबाई म्हणत, चढू द्या, उतरंल.

दिवाळी झाली आणि मास्तरांचा निरोप आला.

त्या दिवशी माणिकशेठही दुकान पोरीवर, चेतनावर, सोपवून आले. ऊन चांगलं पडलं होतं. भिंत पांढरी नव्हती, सायीच्या रंगाची होती, आणि पायथ्याला लोणा ठिपक्याएवढाही फुटला नव्हता. चांगदेवरावांनी स्वतः वर चढून ओळंबा सोडला. दोरी झुलली, पोटाला टेकली, स्थिर झाली. गेणभाऊ एका हातानं भिंतीचा आधार घेऊन खाली बसले. त्यांनी फटीत दोन बोटं घातली.

मग बाहेर काढली. आणि पुन्हा घातली.

"किती?" मास्तरांनी विचारलं. वही उघडी होती.

बोटं फटीत सैल होती. दोन्ही बाजूंना जागा राहत होती. एका बाजूनं उजेड दिसत होता. ते गेणभाऊंनाच दिसत होतं. त्यांच्यावर सगळे वाकले होते, पण गेणभाऊंच्या हातावर त्या वाकलेल्यांचीच सावली होती.

"दोन बोटं," ते म्हणाले. आणि लगेच, "आन् वर जरा."

"जरा म्हणजे?"

"कनसाच्या दाण्याएवढं. ज्यास्तच."

 मास्तरांचं पेन वहीवर टेकलेलं, लिहीत नव्हतं. चांगदेवराव शिडीवरून खाली उतरले. या वेळी ते काही लागट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही केलंत तेवढं कुणी केलं नसतं, भाऊ." ते बोलणं सगळं संपल्यासारखं होतं.

"व्हा बाजूला," लंकाबाई म्हणाल्या.

"आगं, म्या बघितलं की..."

"व्हा म्हनते ना."

त्यांनी चंची सोडली. सुपारी, कात, चुन्याची डबी बाहेर आली आणि तळाशी कामटी. पावणेदोन वर्षांत चुन्या-काताचे डाग पडून ती लालसर झाली होती. लंकाबाईंनी ती फटीत सरकवली. ती अर्ध्यात अडली. अंगठ्यानं दाबल्यावर आत गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी हात काढून घेतला तरी पडली नाही.

"भिंत हाय तितंच हाय," त्या म्हणाल्या. "बोटं बारीक झालीत तुमची."

चांगदेवराव गुडघ्यावर बसले. त्यांनी कामटी काढली, उलटी करून घातली, पुन्हा काढून घातली. माणिकशेठ म्हणाले, "बाई, पावणेदोन वर्षं हे कमरेला घेऊन फिरत होता? गिऱ्हाइकाला मी सुद्धा एवढा संशय घेत नाही."

"संशेव नव्हता, शेठ," लंकाबाई चंचीचा बंद ओढत म्हणाल्या. "चुना मानसाला खातो. मामंजींची बोटं म्या पाह्यली व्हती."

गेणभाऊ आपला हात उन्हात धरून बघत होते. जणू तो बाजारात पारखायला आणला होता. मास्तरांनी वहीतल्या जुन्या नोंदीतले दोन बोटं हे शब्द खोडून कामटी लिहिलं आणि कामटी मागितली. ती आता बाप्तिस्म्याच्या नोंदवहीबरोबर लोखंडी पेटीत आहे. पाहुण्यांना कुंडाच्या पाकळ्या दाखवून झाल्या की मास्तर ती काढतात. मात्र तिची गोष्ट सांगताना ते नावं सांगत नाहीत. गेणभाऊंनीच तसं सांगितलं होतं. गिलाव्यावरही कुठे नाव नाही.

त्यानंतरच्या रविवारी शिंगोटे नवराबायको बाजारात होते. लंकाबाई लसणाचा भाव करत होत्या आणि बाई ऐकत नव्हती. नऊला घंटा झाली. लसूणवालीनं मान वर केली, हमालांतला एक जण गोणी टेकवून चहाकडे निघाला.

"आत्ता गं बया," लसूणवाली म्हणाली, "चालू झाली व्हय?"

"झाली," गेणभाऊ म्हणाले. त्यांचा हात बंडीच्या खिशात होता. दुसऱ्या हातात पिशवी होती, तिच्यात भेंडीचं बी. देवळाकडे जाऊन भिंतीला हात लावावा असं त्यांच्या मनात आलं असेल. पण लसणाचा भाव अजून ठरायचा होता, म्हणून ते तिथेच उभे राहिले.